हिनकल आलं, हॉलंड सुरू

“वास नाही ह्याला! अय्यो शिवने, वासच नाही कणो ह्याला!”

तुळसाआत्यांचा आवाज असा आहे, की त्या म्हैसूरच्या कुवेंपुनगरात शिंकल्या तर चामुंडी टेकडीवरचा दगडी नंदी दचकून मान वळवतो. मी स्वतः पाहिलेलं नाही. पण नंदीची मान किंचित वाकडी आहे, हे कुणीही जाऊन बघावं. आणि त्या दिवशी तर आत्या शिंकत नव्हत्या, ओरडत होत्या. मी हातातला कॉफीचा पेला तसाच धरून कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारी डोकावलो.

हॉलमध्ये भिंतीशी चार फोटो, फोटोंपुढे चार केळीची पानं, आणि पानांपुढे ऐंशीच्या घरातल्या आत्या, हातातली हिरवी बाटली नाकाला लावून उभ्या. शेजारी पंचा नेसलेले, उघडेबंब, कपाळाला विभूती फासलेले माझे शेजारी मानोजीराव जगताप. हातात ओपनर. चेहरा शाळेत कॉपी करताना सापडल्यासारखा.

“तीन पिढ्यांची दारू हुंगली मी,” आत्या गरजल्या. “सासऱ्याची रम, नवऱ्याची ब्रँडी, भावाचं तर मिळेल ते. मला शिकवतो? ही बीर नाही. हे सोडा आहे. मेलेल्या पोराला सोडा पाजतोस, मान्या?”

“बीरच आहे, आत्या. झिरो आहे.”

“काय झिरो?”

“आतलं ते. नशा. नशा झिरो.”

आत्या गप्प झाल्या. आमच्या गल्लीच्या इतिहासात आत्या गप्प झाल्याची ही पहिलीच नोंद असावी. मग त्यांची नजर भिंतीवरच्या माझ्या डोक्याकडे गेली. मी मूळचा सांगलीचा, त्यामुळे त्यांच्या लेखी मला दुसरं नाव नाही.

“ओ सांगलीवाले! या, या इकडे. विचारा ह्याला, बाटली झिरो का डोकं झिरो म्हणून!”

आता हे सगळं काय चाललं होतं, ते सांगायला हवं. तो दिवस महालय अमावास्येचा होता. दुसऱ्या दिवसापासून इथला दहा दिवसांचा दसरा, म्हणजे सगळं म्हैसूर विजेच्या माळा लावण्यात गुंतलेलं, पण हा एक दिवस गेलेल्या माणसांचा. आपल्याकडे पितरांना खीर-वडे दाखवून कावळ्याची मनधरणी करतात. इथल्या जुन्या मराठा घरांतला व्यवहार जास्त सरळ आहे. माणसाला जिवंतपणी जे आवडायचं, तेच त्याच्या पानाशी ठेवायचं. याला इकडे एडे म्हणतात. जगतापांचे पूर्वज घोड्यावर बसून म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. फौजी माणसं ती, त्यांची आवड खिरीवर थोडीच थांबणार? आजोबांच्या पानाशी मटण, मुद्दे म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, आणि रम. वडिलांच्या पानाशी ब्रँडी आणि विड्यांचं बंडल. आईच्या पानाशी तपकीर आणि कज्जाय, म्हणजे आपल्या अनारशाचा दक्षिणेतला चुलतभाऊ. आणि शेवटचं पान संताजीचं, मानोजीरावांच्या धाकट्या भावाचं. त्याला बीयर. तीसुद्धा स्ट्राँग.

पानं वाढून झाली, की खोलीचं दार ओढून घ्यायचं आणि घरच्यांनी बाहेर पायरीवर बसायचं. आत ती माणसं येतात, निवांत जेवतात, जातात. मग दारावर टकटक करून घरच्यांनी आत शिरायचं. टकटक कशाला, असं मी पहिल्या वर्षी विचारलं होतं. आत्या म्हणाल्या, “कुणी अजून बोटं चाटत असलं तर लाजायला नको म्हणून.”

संताजीची ती स्ट्राँग बीयर दरवर्षी मी आणतो. मीच, कारण मानोजीराव दारूच्या दुकानाची पायरी चढत नाहीत. पायरी दूरच, दुकान दिसलं की रस्ता ओलांडून पलीकडच्या फूटपाथने जातात. पलीकडेही दुकान असेल तर मधून, दुभाजकावरून चालतात. एकदा ट्रॅफिक पोलिसाने त्यांना हात धरून खाली उतरवलं होतं. यंदा मात्र मला निरोपच आला नाही. खरं सांगतो, मला अपमान वाटला. एवढी वर्षं इमानाने बजावलेली कामगिरी आपल्याकडून काढून कुणाला दिली, या विचाराने मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो. (दोन दिवस घरात पडवळ होतं, हेही एक कारण.) आता कळलं, की मानोजीरावांनी यंदा स्वतःच खरेदी केली होती. जिथे तूरडाळ आणि साबण मिळतो त्या सुपरमार्केटात, फळांच्या रसाच्या फळीवरून.

आणि गंमत बघा. दारूचा थेंब न शिवलेला हा गृहस्थ दक्षिण भारतात हॉलंडच्या बीयरवरचा सगळ्यात मोठा अधिकारी माणूस आहे.

थाप वाटेल, पण ही थाप नाही. माझ्या थापा वेगळ्या असतात. हेब्बाळला, मोठमोठ्या कंपन्यांच्या आवारांमागे, एक लहानशी कंपनी आहे. तिकडे हॉलंडात लोकांना विचारतात, की बाबांनो, कुठली बीयर पिता, कुठे पिता, का पिता, आणि कमी केली असेल तर का केली? लोक चौकटीत मनाला येईल ते खरडतात. ती उत्तरं इंग्रजी होऊन हेब्बाळला येतात आणि मानोजीराव एकेक उत्तर वाचून योग्य त्या खणात टाकतात. खणांना कंपनीने लांबलचक इंग्रजी नावं दिली आहेत. मानोजीरावांनी त्यांचं घरगुती बारसं केलंय: चव, डॉक्टर, ढेरी, बायको, गाडी. कुणी लिहिलं, ‘डॉक्टर रागावले’, की डॉक्टरच्या खणात. कुणी लिहिलं, ‘घरी गाडी चालवत जायचं असतं’, की गाडीच्या खणात. कुणी लिहिलं, ‘ती बघत असते’, की मानोजीराव क्षणभर थांबतात, त्या अनोळखी नवऱ्याबद्दल हळहळतात आणि त्याला बायकोच्या खणात ठेवतात. स्वतः बिनलग्नाचे, तरी हळहळतात. माणूस मोठ्या मनाचा.

संध्याकाळी घरी आले, की आत्यांना दिवसभराचा वृत्तांत. आत्या तांदूळ निवडत ऐकतात. त्यामुळे हॉलंड कुठे आहे हे त्यांना ठाऊक नाही, पण तिथे कुणाकुणाची ढेरी सुटली ते ठाऊक आहे.

मानोजीराव त्या लोकांना ‘आमची माणसं’ म्हणतात. भाजीवाल्यापाशी बीन्स निवडता निवडता मला थांबवून म्हणायचे, “आमच्या माणसांचं काही खरं नाही, सांगलीवाले. पिल्स सोडायला लागलेत.”

“कोण?”

“सगळे! पिल्स म्हणजे काय, त्यांचं सारू-भात. साधी, पिवळी, रोजची. बापाने पिली, आज्याने पिली. शुक्रवार आला की क्रेट घरात. आता पोरांना ती बेडा, नको! आता त्यांना कडू पाहिजे, काळी पाहिजे, गव्हाची पाहिजे, संत्र्याची साल घातलेली पाहिजे. एका बाईने लिहिलं, कॉफी घातलेली पिली म्हणून. कॉफी! मग कॉफीच पी ना गं बाई, सुम्ने कशाला बाटली फोडतेस?”

भाजीवाला कन्नडमध्ये विचारायचा, की साहेबांच्या घरी कुणी आजारी आहे का? मी म्हणायचो, हो, पाहुण्यांकडे आहे जरा.

फेसाचं तर विचारूच नका. तिकडे म्हणे ग्लासावर दोन बोटं फेस हवा, आणि जास्त झालेला फेस पात्याने सपकन कापून टाकतात. मानोजीरावांनी हे शास्त्र फिल्टर कॉफीला लावलं. कोपऱ्यावरच्या शॉपिंग कॉम्प्लेक्सजवळच्या हॉटेलात कॉफी आली, की ते आधी पेल्याला आडवी दोन बोटं लावून मोजणार. कमी भरला तर परत. जास्त भरला तर खिशातून स्टीलची पट्टी काढून वरचा फेस सपकन उडवणार. तो फेस समोरच्याच्या शर्टावर बसतो. माझे तीन शर्ट गेले. शेवटी हॉटेलवाल्याने त्यांच्यासाठी कोपऱ्यातलं टेबल राखून ठेवलं, समोर भिंत असलेलं. त्या भिंतीवर आज जो नकाशा उमटला आहे, तो थेट हॉलंडचा आहे असं मी लोकांना सांगतो. लोक बघायला येतात.

पण मानोजीराव खरे खुलायचे ते बसमध्ये. आमच्या कंपन्या वेगळ्या, बस एकच. कुवेंपुनगरातून निघून रिंग रोडने हिनकलवरून हेब्बाळला जाणारी. निम्म्या वाटेपर्यंत हा माणूस गप्प. पिशवी मांडीवर, नजर पिशवीवर. आणि हिनकलचा पूल दिसायला लागला, की अचानक मान वर करून, शेजारी जो असेल त्याला धरून, मोठ्या आवाजात: “तुम्हाला सांगतो, आमच्या माणसांनी यंदा काय केलंय!” मग फेस, पिल्स, क्रेट, ऊन पडलं की रस्त्यावर मांडलेल्या खुर्च्या, सगळं हॉलंड बसमध्ये उतरायचं. शेवटच्या सीटपर्यंत आवाज. हिनकल मागे पडून हेब्बाळचं वळण आलं, की गाडी मंदावावी तसे मंदावत परत गप्प. जाताना तेच, येताना तेच. ड्रायव्हर नागराजू तर पूल आला की आरशात बघून ओरडायचा, “हिनकल बंतु, हॉलंड शुरू!” हिनकल आलं, हॉलंड सुरू. सगळी बस हसायची. मीही हसायचो.

त्या उत्तरांवर माणसांची नावं नसतात, नुसते आकडे असतात. पण तीच माणसं वर्षानुवर्षं उत्तरं देतात, त्यामुळे मानोजीराव त्यांना लिहिण्यावरून ओळखायला लागले. आणि ओळखीच्या माणसाला आकड्याने हाक मारणं जगतापांच्या रक्तात नाही. म्हणून त्यांनी नावं ठेवली, आपल्याच नात्यातली. दरवर्षी नवी बीयर चाखून पानभर वर्णन लिहिणारी एक बाई म्हणजे सुशीलावन्सं. ‘मी पीत नाही’ असं पहिल्याच ओळीत लिहून पुढचे सगळे प्रश्न बारकाईने सोडवणारा तो गुंडप्पामामा. आणि सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे तात्या.

तात्या सगळं मोठ्या अक्षरांत लिहायचे. तात्यांना पिल्सखेरीज जगातली कुठलीही बीयर मंजूर नव्हती. कडू बीयर? ‘औषध.’ फळांची बीयर? ‘सरबत.’ आणि तिकडे ती बिननशेची झिरो बीयर निघाली, दुकानांत फळ्यांच्या फळ्या भरायला लागली, तेव्हा तात्यांनी लिहिलं: ‘बीयर नसलेली बीयर म्हणजे पावसाचं पाणी. ते आमच्याकडे फुकट पडतं.’ हे वाक्य मानोजीरावांनी बसमध्ये इतक्या वेळा म्हटलं, की नागराजूच्या बायकोलाही पाठ झालं.

दर वर्षी मानोजीराव तात्यांच्या उत्तराची वाट बघायचे. आजूबाजूचे एकेक घरंगळत झिरोकडे निघाले होते. गुंडप्पामामा तर झिरो आल्याबरोबर ‘मी पितो’ लिहायला लागले. कुणी आठवड्यातले चार दिवस झिरो, कुणी नुसत्या दुपारी. ‘लाज वाटत नाही आता,’ असं एका पोराने लिहिलं होतं, ‘पूर्वी मित्र हसायचे.’ हे वाचून दाखवताना मानोजीराव हसत नव्हते, हे मला आज आठवतं. तात्या मात्र ठाम. वर्षामागून वर्ष, मोठ्या अक्षरांत शिव्या.

“सोडणार नाही तो,” मी म्हणायचो. “आमच्या सांगलीकडे असे बघितलेत. चितेवरही उठून घोट मागतील.”

“बघू ना,” मानोजीराव म्हणायचे. “माणूस आहे. दगड नाही.”

आणि मग या पावसाळ्यात एक दिवस परतीच्या बसमध्ये ते उभे राहिले. हिनकल यायला अजून वेळ होता.

“तात्या झिरोवर आले!”

नागराजूने ब्रेक मारला. खरंच मारला. मागचा दूधवाला आमच्यावर आदळता आदळता राहिला. मानोजीरावांनी पिशवीतून म्हैसूरपाकाचा डबा काढला आणि बसभर वाटला. तूप इतकं, की त्यानंतर बसची दारं आठवडाभर करकरली नाहीत. कुणाचं काय झालं हे कुणालाच नीट कळलं नव्हतं, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने ‘मुलगा का मुलगी?’ म्हणून विचारलं.

“काय लिहिलं तात्यांनी?” मी विचारलं.

“लिहिलं, ‘पहिल्यांदा शिव्या दिल्या. आता हीच पितो. चालतं.’ लहान अक्षरांत लिहिलंय,” मानोजीराव म्हणाले आणि खाली बसले.

मग पूल आला. नागराजूने आरशात बघितलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. कारण त्या दिवशी हिनकल आलं, पण हॉलंड सुरू झालं नाही. मानोजीराव काचेला डोकं टेकून बाहेर रस्त्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्यांना तिथे बाहेर बघताना मी प्रथमच पाहिलं.

मला तेव्हाच उमगायला हवं होतं, कारण संताजीची गोष्ट मी ऐकलेली होती. आम्ही इथे राहायला येण्याच्या आधीची. हा संतू म्हणे घरात शिरायच्या आधी त्याच्या मोटारसायकलचा आवाज शिरायचा. आत्या तो आवाज कॉम्प्लेक्सपासून ओळखून तव्यावर डोसा टाकायच्या, पोरगं चप्पल काढेपर्यंत डोसा ताटात. हसरा, देखणा, गल्लीतल्या प्रत्येकाच्या लग्नात नाचणारा. आणि पिणारा. आई लवकर गेलेली, दोघांना आत्यांनीच वाढवलं. आत्या आणि मानोजीरावांनी त्याला डोंगरावर नेऊन चामुंडीपुढे शपथ घ्यायला लावली होती. शपथ महिनाभर टिकली. मग एका रविवारी हुणसूर रस्त्यावरच्या एका मित्राकडे जेवण होतं. तिथून घरी येताना, दिवसाउजेडी, हिनकलच्या अलीकडे, लॉरी कडेला लावून लॉरीवाला बाजूला बसून भाकर खात होता. लॉरी उभीच होती. संतूला ती दिसली नाही.

घरी डोसा तव्यावर होता की नव्हता, ते मी कधी विचारलं नाही. काही गोष्टींत मीही तिखटमीठ लावत नाही.

तर, मी भिंतीवरून उडी मारून (गेटमधून गेलो, पण उडी मारून म्हटलं की बरं वाटतं) जगतापांच्या हॉलमध्ये पोचलो. आत्यांनी बाटली माझ्या नाकाला लावली. मला फेसाचा, धान्याचा, अगदी बीयरचाच वास आला. पण आत्यांपुढे ‘वास आहे’ म्हणायची छाती कुणाची? मी दोन्ही बाजूंना मान हलवली.

“बघितलंस? सांगलीवाले पण म्हणतात.” आत्यांनी पदर खोचला. “सांगलीवाले, स्कूटर काढा. खरी आणा. दुपार कलायच्या आत दार ओढायचंय. पोरगं वर्षातून एकदा येतं, ते तोंड वाकडं करून परत जायचं नाही.”

मी मानोजीरावांकडे बघितलं. ते पानाकडे बघत होते. मी गेलो. दुकानात झुंबड होती. सगळ्या वसाहतीचे पूर्वज तहानलेले. लोक याद्या पाठ केल्यासारखे बोलत होते: आजोबांना ही, काकांना ती, सासऱ्यांना क्वार्टर पुरे, जिवंतपणी फार झालीय. मी स्ट्राँगची बाटली पेपरात गुंडाळून घेतली आणि स्कूटर अशी हाणली, की सिग्नलवरचा पोलीस सलाम करून मोकळा झाला.

परत आलो तर हॉलमधून ओरडण्याचे आवाज येत नव्हते. म्हणजे भांडण खरं झालं होतं.

“आख्ख्या देशाने केलं, आत्या,” मानोजीराव खाली बघूनच बोलत होते. “हट्टी माणसं ती. तात्यांसारखी. कुणी त्यांना मारलं नाही, कुणी देवापुढे उभं केलं नाही. शेजारी दुसरी बाटली ठेवली, एवढंच. हळूहळू हात तिकडे गेला. आपण संतूला काय दिलं? शपथ दिली. दुसरी बाटली ठेवली का कुणी?”

“तेव्हा मिळत नव्हती रे, मगा,” आत्या म्हणाल्या. मगा म्हणजे इकडे बाळा. मान्याचा मगा झाला, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं, की आत्यांचा आवाज खाली आला आहे.

“आता मिळते.”

आत्यांनी पदराने तोंड पुसलं. मग त्यांना स्वतःच्या खाली आलेल्या आवाजाचा राग आला असावा, कारण तो एकदम वर गेला.

“आता मिळून काय करायचंय? मेलेल्याला कसली ढेरी? मेलेल्याला कुठला डॉक्टर? बायको तर झालीच नाही माझ्या पोराला! आणि चव म्हणशील तर स्ट्राँगशिवाय त्याला काही रुचलं नाही. तुझ्या एका तरी खणात बसतो का रे तो? मग आता तरी पिऊ दे ना त्याला! आता त्याचं काय वाईट व्हायचं राहिलंय?”

मी तर मनातल्या मनात आत्यांना दाद दिली. मी पेपर सोडून खरी बाटली पुढे केली. आत्यांनी ती घेतली आणि ठासून संताजीच्या पानाशी ठेवली. झिरोची बाटली आधीच तिथे होती. दोन्ही हिरव्या, दोन्ही थंड, दोघींच्या अंगावर घाम. फोटोतला संतू मोटारसायकलला टेकून हसत होता.

“ओत,” आत्या म्हणाल्या. ओतायचा मान घरातल्या थोरल्या पुरुषाचा.

मानोजीराव पानापुढे बसले. त्यांनी झिरोची उघडलेली बाटली उचलली आणि ग्लास तिरका धरून ओतायला लागले. दारूच्या दुकानावरून सरळ न जाणारा माणूस, पण हात असा, की जणू जन्मभर तेच केलं. मग ग्लास सरळ केला. फेस वर आला. त्यांनी ग्लासाला आडवी दोन बोटं लावली, खिसा नव्हता म्हणून पंच्यात खोचलेली स्टीलची पट्टी काढली, आणि वरचा फेस हळूच कापला. यावेळी कुणाच्या शर्टावर उडाला नाही. ग्लास पानाच्या उजव्या हाताला ठेवला, जिथून उचलायला सोपा जाईल. खरी बाटली झाकणासकट तशीच उभी राहिली. ओपनर त्यांनी कमरेला खोचलं.

आत्यांनी ते पाहिलं. त्यांनी उदबत्ती लावली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं.

आम्ही तिघं पायरीवर बसलो. सगळ्या गल्लीत दारं ओढलेली आणि माणसं पायऱ्यांवर. कुठून मटणाचा वास, कुठून रमचा. लांब रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली. आत्यांची मान तिकडे वळली, मग परत पायांकडे आली.

तशाच खाली बघत त्या बोलल्या. नंदीला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात.

“सांग तरी, मगा. कुठल्या खणात घातलंस त्याला?”

मानोजीराव कमरेचं ओपनर चाचपत होते.

“परत गाडी चालवत जायचंय ना त्याला,” ते म्हणाले.